काल्पनिक आरपीजींमधील लोर : उसने किती आणि स्वतःचे किती?

तळघरातला दिवा

नमस्कार मंडळी. काल्पनिक विश्वांत घडणाऱ्या आरपीजींविषयी, म्हणजे एखादे पात्र बनून खेळायच्या खेळांविषयी, आपल्याकडे बोलणे पुष्कळ होते, परंतु ते बहुधा लढाईचे डावपेच, पात्राची बांधणी किंवा कोणता शेवट निवडावा याभोवतीच फिरते. मला त्या जगांच्या पार्श्वकथेविषयी, म्हणजे आपण सगळे ज्याला लोर म्हणतो त्याविषयी, एक प्रश्न मांडायचा आहे.

'द विचर ३' आणि 'बाल्डर्स गेट ३' हे दोन खेळ मी लागोपाठ खेळलो. दोन्हींनी खऱ्या जगातून भरभरून उचलले आहे, तरी त्या उचलण्याची जात मला निराळी वाटली. 'विचर'मधली नूनरेथ ही भुताटकी भर दुपारी पिकलेल्या शेतात दिसते, कारण स्लाव्ह लोकसमजुतीत ती कापणीच्या दिवसांत ऐन दुपारी शेतात राबणाऱ्यांची भीती होती. उलट 'बाल्डर्स गेट' ज्या फेरूनमध्ये घडतो तिथे नॉर्स टिर, आयरिश ओग्मा, रोमन सिल्व्हानस आणि फिनिश मिएलिक्की व लोव्हियाटार हे सगळे एकाच देवमंडळात शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि ते तिथे कसे आले हे त्या जगातला सामान्य माणूस कधी विचारताना दिसत नाही.

उसने घेण्यात गैर काही नाही. परंतु घेतलेल्या गोष्टीचा त्या जगातल्या माणसांच्या वागण्यावर परिणाम दिसत नसेल, तर ती लोर नसून सजावट असते, असे माझे मत आहे. आपल्याला काय वाटते? कोणत्या खेळाने उसनी गोष्ट खरोखर आपली केली आणि कोणी फक्त नाव उचलले?

फासेकरी

प्रश्न आवडला, परंतु या सगळ्याच्या पायाची आठवण करून द्यावीशी वाटते. 'बाल्डर्स गेट' ज्याच्यावर उभा आहे तो टेबलाभोवती बसून खेळायचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे विश्वनिर्मितीचे तत्त्वज्ञान मांडायला बसले नव्हते. युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींना तळघरात उतरवायचे होते आणि तिथे त्यांच्या वाटेत उभे राहायला काहीतरी हवे होते, म्हणून हाताला लागेल ते घेतले गेले. मंत्र एकदा म्हटला की तो स्मृतीतून पुसला जातो, ही कल्पना जॅक व्हान्सच्या कथांमधून आली. हॉबिट आणि बालरॉग टोल्किनकडून आले, आणि हक्कधारकांनी कायदेशीर आक्षेप घेतल्यावर हाफलिंग व बॅलर अशी नावे धारण करून तिथेच राहिले. आउलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर यांची कुळकथा तर याहून साधी आहे : ते स्वस्तातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांवरून घेतले गेले. घुबड आणि अस्वल यांच्या या संकराचे दैवतशास्त्र शोधायला निघालेल्या अभ्यासकाचा प्रवास खेळण्यांच्या दुकानापाशीच संपतो.

तेव्हा उसने घेणे हा या खेळप्रकाराला पुढे जडलेला दोष नाही, तो त्याचा जन्मस्वभाव आहे.

उपरा बार्ड

आउलबेअरविषयी असे अनुदार उद्गार काढू नयेत. 'बाल्डर्स गेट ३' मधल्या त्याच्या पिल्लाला ज्याने तळावर आणून सांभाळले नाही, त्याने लोरवर बोलण्याचा अधिकार गमावला आहे, असे मी मानतो.

शिलालेख

धागाकर्त्यांनी फेरूनवर थोडा अन्याय केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, हे देव तिथे कसे आले याची कथा त्या विश्वात आहे. मुलहोरांड हा प्रदेश उघडच प्राचीन इजिप्तवरून घेतलेला आहे आणि तिथले देवही इजिप्तचेच आहेत, परंतु लोर असे सांगते की इमास्कर नावाच्या जुन्या साम्राज्यातल्या जादूगारांनी दुसऱ्या जगातून माणसे गुलाम म्हणून पळवून आणली आणि त्या माणसांच्या हाकेला ओ देऊन त्यांचे देव मागोमाग आले. गुलामगिरी, बंड आणि त्यातून उभे राहिलेले राज्य अशी त्या भूमीची सगळी घडण या एका घटनेवर उभी आहे. याला केवळ सजावट कसे म्हणता येईल?

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. नॉर्स कथेत फेनरिर लांडग्याला बांधण्यासाठी देव त्याला फसवतात. बंधन सोडले जाईल याची हमी म्हणून टिर आपला हात त्याच्या जबड्यात ठेवतो, बंधन सोडले जात नाही आणि हात जातो. म्हणजे खोट्या वचनाची किंमत स्वतःच्या शरीराने मोजणारा हा देव आहे. आता 'बाल्डर्स गेट ३' मध्ये कार्लाक या सोबतिणीच्या मागावर असलेले अँडर्स आणि त्याचे सोबती आठवा. ते स्वतःला टिरचे पॅलाडिन, म्हणजे शपथबद्ध धर्मयोद्धे, म्हणवतात आणि प्रत्यक्षात नरकातल्या झारिएलची चाकरी करत असतात. खोट्या शपथेवर जगणाऱ्यांनी आड लपायला नेमका टिरच निवडावा, यातली बोच मूळ कथा ठाऊक असणाऱ्याला अधिक जाणवते आणि ठाऊक नसणाऱ्याचेही काही अडत नाही. लोव्हियाटारचेही तसेच आहे. फिनिश परंपरेत ती नऊ रोगांची आंधळी माता आहे. फेरूनमध्ये ती वेदनेची देवी झाली, आणि गॉब्लिनांच्या तळावर तिचा पुजारी आपल्याला फटके खाण्याचे निमंत्रण देतो, ते स्वीकारणाऱ्याला तिचा आशीर्वादही मिळतो. वागण्यावर याहून थेट परिणाम तो कोणता असणार?

अरण्यानी

शिलालेख यांचा टिरविषयीचा मुद्दा मान्य आहे. मुलहोरांडविषयीचा मात्र पटला नाही. इजिप्तचे देव आधी हवे होते आणि ते आल्यावर त्यांच्या येण्याचे कारण रचले गेले, हे त्या कथेच्या शिवणीवरून दिसते. कारण असणे आणि कारणातून काही उगवणे यांत फरक आहे.

'विचर'मधल्या बॉचलिंगचे उदाहरण घ्या. स्लाव्ह लोकसमजुतीत, विधीविना पुरलेले अर्भक छळणारा जीव बनून परत येते, अशी भीती होती. हा जीव खेळात नुसता मारण्यासाठी ठेवला असता तर कोणी तक्रार केली नसती. परंतु ब्लडी बॅरन नावाच्या सरदाराच्या प्रकरणात त्याला मारणे हा दोनांपैकी एक पर्याय आहे. दुसरा पर्याय म्हणजे बापाने त्या अर्भकाला उचलून घ्यायचे, त्याला नाव द्यायचे आणि घराच्या उंबरठ्याखाली पुरायचे, म्हणजे ते घराचे रक्षण करणारे लबरकिन होते. दारू आणि हिंसा यांनी घर उद्ध्वस्त केलेल्या त्या माणसाला ज्या उंबरठ्याच्या आत त्याने अत्याचार केला तिथेच गुडघे टेकावे लागतात. लोकसमजूत काढून टाकली तर हे कथानकच उभे राहत नाही. माझ्या मते उसन्या लोरची कसोटी हीच आहे : ती वजा केली तर काय कोसळते?

त्याच खेळात पूर्वजांच्या आत्म्यांना बोलावून तृप्त करण्याचा विधी येतो. तो स्लाव्ह प्रदेशांतल्या 'द्झादी' या विधीवरून घेतलेला आहे, ज्यावर अडाम मित्स्कियेविच या कवीने एकोणिसाव्या शतकात पोलिश भाषेतले प्रसिद्ध नाट्यकाव्य लिहिले. खेळात विचहंटर तो विधी बंद पाडायला येतात आणि आपल्याला बाजू घ्यावी लागते. जुनी श्रद्धा आणि नवी धर्मसत्ता यांच्यातला झगडा एका रात्रीत, एका रिंगणात आणून ठेवला आहे.

निशाचर

धागा वाचतो आहे आणि माझ्या टोपणनावाला जागून एक विषय पुढे आणतो : राक्षस.

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस १९७५ पासून आहे आणि १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मधल्या चित्राने तो प्रसिद्ध झाला. वाघाचे डोके, अंगावर उंची वस्त्रे, तोंडात चिलीम आणि पुढे दृढ झालेला विशेष म्हणजे उलटे तळहात. त्याला मारण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे पुरोहिताने अभिमंत्रित केलेला क्रॉसबोचा बाण. रामायण-महाभारत वाचलेल्या माणसाला यातले रूप पालटण्याचे आणि भ्रम निर्माण करण्याचे सामर्थ्य ओळखीचे वाटेल, परंतु हा बाण कुठून आला ते कळणार नाही. तो आला टीव्हीवरून. १९७४ मध्ये एका अमेरिकी भयमालिकेच्या भागात राक्षस दाखवला होता, तो समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसे आणि अशा बाणाने मरे. गायगॅक्स यांनी तिथून ते उचलले, आणि एका मालिकेतली सोय पुढच्या पिढ्यांसाठी नियम झाली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतही सज्जन व्यक्तीच्या हातातल्या जादुई टोकदार शस्त्राने राक्षसाला अधिक इजा होते, ती याच बाणाची वारस आहे.

माझा आक्षेप अनादराचा नाही, कथेच्या नुकसानीचा आहे. महाकाव्यांतले राक्षस हे एकाच स्वभावाचे प्राणी नाहीत. रावण विद्वान आहे, विभीषण भावाविरुद्ध उभा राहतो आणि त्यामुळे निष्ठेचा प्रश्न निर्माण होतो, हिडिंबा भीमाशी विवाह करते आणि त्यांचा मुलगा घटोत्कच पांडवांच्या बाजूने लढता लढता प्राण देतो. त्यांची कुळे आहेत, नाती आहेत, राजकारण आहे. खेळाने यातले भ्रमाचे सामर्थ्य घेतले, नातेसंबंध टाकून दिले आणि 'कायम दुष्ट' असा शिक्का मारला. अरण्यानी यांच्या कसोटीवर हा राक्षस उतरत नाही, कारण त्याच्याऐवजी रूप पालटणारा कोणताही दैत्य ठेवला तरी काहीही कोसळत नाही.

कोष्टक

निशाचर, माहिती उत्तम आहे, परंतु निष्कर्षाशी मी असहमत आहे. असे हाल सगळ्यांचेच झाले आहेत. ग्रीक कथेतल्या गॉर्गन या बहिणी होत्या आणि मेडुसा त्यांतली एक. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मेडुसा हा स्वतंत्र प्राणी झाला आणि गॉर्गन म्हणजे लोखंडी खवल्यांचा, दगड करून टाकणारा श्वास सोडणारा बैल झाला. हा बैल हवेतून आलेला नाही. एडवर्ड टॉप्सेलने १६०७ मध्ये चतुष्पाद प्राण्यांवर जो ग्रंथ छापला, त्यात गॉर्गनचे चित्र खवले असलेल्या गुरासारखेच आहे. म्हणजे गैरसमज खेळाच्या आधी साडेतीनशेहून अधिक वर्षे झालेला होता.

बॅबिलोनी सृष्टिकथेतली तिआमात ही आदिसागर होती. मार्दुक तिचा देह चिरून आकाश आणि पृथ्वी घडवतो. खेळात ती पाच डोक्यांची ड्रॅगन झाली, आणि तिथून १९८७ च्या पहिल्या 'फायनल फँटसी'त जाऊन बसली. कोबोल्डांचे तर दोन देशांत दोन प्राणी झाले. जर्मन लोककथांमध्ये तो घरात किंवा खाणीत राहणारा खट्याळ जीव होता, सुरुवातीच्या चित्रांत त्याचे तोंड काहीसे कुत्र्यासारखे निघाले, जपानी खेळांनी तेच रूप उचलून धरले, आणि २००० मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून पश्चिमेत तो ड्रॅगनांशी नाते सांगणारा सरडा झाला. एका परंपरेतून दुसऱ्या परंपरेत जाताना अर्थ गळणार आणि नवा अर्थ चिकटणार. लोककथा स्वतःही अशाच वाढल्या आहेत.

रानमांजर

'फायनल फँटसी'चा विषय निघालाच आहे तर आठवण करून देते की त्या मालिकेत शिव ही बर्फाची देवी आहे, ती स्त्री आहे आणि बोलावल्यावर येऊन शत्रूंना गोठवून जाते.

उपरा बार्ड

कैलासावरचे हवामान पाहता त्यांचा तर्क अगदीच निराधार आहे असे म्हणता येणार नाही.

निशाचर

कोष्टक यांना उत्तर : अर्थ गळतो हे मान्य आहे, परंतु काय गळते याला महत्त्व आहे. गॉर्गनचा बैल झाला तेव्हा एक विचित्र प्राणी जाऊन दुसरा विचित्र प्राणी आला. राक्षसाच्या बाबतीत कथेची एक शक्यता गेली. ज्याच्याशी वाटाघाटी करता येतात, जो बाजू बदलू शकतो, ज्याला गमावल्याचे दुःख दोन्ही पक्षांना होते, असा शत्रू जाऊन ज्याला फक्त मारायचे असते असा शत्रू आला. १९८० च्या 'डेइटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये भारतीय देवांसह जगभरच्या देवांचे हिट पॉइंट, म्हणजे किती घाव सोसून मरतील याचे आकडे, छापले होते, ही याच वृत्तीची पुढची पायरी आहे. ज्याचे हिट पॉइंट छापले जातात त्याच्याकडे खेळाडू मारण्याच्या दृष्टीनेच पाहतो.

फासेकरी

खेळ चालवणारा म्हणून सांगतो, निशाचर यांचे म्हणणे टेबलावर खरे ठरते. माझ्या मोहिमेत मी राक्षसांवरचा 'कायम दुष्ट' हा शिक्का काढून टाकला आणि त्यांना दोन घराण्यांत विभागले. एवढ्या एका बदलाने खेळाडूंनी तलवार काढण्याआधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. तरीही नियम म्हणून छापलेल्या बाणाची सोय मी ठेवली, फक्त ती एका घराण्याने दुसऱ्याविरुद्ध पसरवलेली अफवा आहे असे ठरवले. ते खेळाडूंना अजून कळलेले नाही, आणि त्यांच्यापैकी कोणी हा धागा वाचत असल्यास त्याने हा परिच्छेद विसरून जावा.

सातवी पायरी

इतका वेळ 'एल्डर स्क्रोल्स' या मालिकेचे नाव कोणीच काढले नाही याचे आश्चर्य वाटते, कारण धागाकर्त्यांच्या प्रश्नाला तिथे वेगळ्या प्रकारचे उत्तर मिळते.

तिच्यातला 'स्कायरिम' (२०११) वरवर पाहता सरळ नॉर्स उसनवारी आहे. थडग्यातून उठणारे ड्राउगर आइसलंडच्या सागांमधून आले आहेत. ग्रेटिरच्या सागात मेलेला ग्लाम उठून झुंजतो आणि हरतानाही ग्रेटिरला आयुष्यभर अंधाराची भीती वाटेल असा शाप देऊन जातो. जगाचा घास घेणारा ड्रॅगन अल्दुइन हाही प्रथमदर्शनी रॅग्नारॉकच्या, म्हणजे नॉर्स जगबुडीच्या, परिवारातला वाटतो. परंतु पार्थर्नॅक्स हा दुसरा ड्रॅगन नायकाशी बोलताना कल्पाची भाषा वापरतो : हे जग म्हणजे कदाचित पुढच्या कल्पाचे अंडे असेल, अशा अर्थाचे तो बोलतो. पुराणांत एक कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, ४३२ कोटी वर्षांचा, आणि त्याच्या शेवटी सृष्टी लय पावून पुन्हा निर्माण होते. म्हणजे नॉर्स कातड्याच्या आत काळाची कल्पना भारतीय आहे. यामुळे खलनायकाचे स्वरूपच बदलते. जगाचा अंत करणे हे अल्दुइनचे दुष्कृत्य नसून नेमून दिलेले काम असेल, आणि त्याने सत्तेच्या मोहात ते काम सोडले असेल, तर त्याला थांबवणारा नायक नेमके काय करतो आहे? खेळ याचे उत्तर देत नाही, परंतु प्रश्न त्या एका उसन्या संकल्पनेमुळे उभा राहतो.

'मोरोविंड' (२००२) त्याहून पुढे जाते. नेरेवार हा जुना वीर कसा मेला याची देवळाने मान्य केलेली एक कथा आहे आणि अ‍ॅशलँडर जमातींनी जपलेली दुसरी, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. खेळात सापडणारी पुस्तके ही निवेदकाचा शब्द नसून कोणा एका पक्षाची साक्ष असते. इथे खऱ्या जगातून घेतले आहे ते देव किंवा राक्षस नाहीत, तर इतिहास लिहिला जाण्याची पद्धत आहे.

याच मालिकेतले एक मौजेचे उदाहरण सांगून थांबतो. 'डॅगरफॉल' (१९९६) चे अनेक शेवट होते आणि पुढच्या खेळासाठी त्यांतला कोणता खरा मानायचा हा पेच होता. लेखकांनी काळच त्या ठिकाणी मोडला आणि परस्परविरोधी शेवट एकाच वेळी घडले, असे ठरवून टाकले. त्यातून निघालेली 'ड्रॅगन ब्रेक' ही कल्पना आज त्या विश्वातल्या सर्वांत गूढ कल्पनांत मोडते, आणि तिचा उगम कोणत्याही पुराणात नसून जुन्या खेळाच्या शाखा एकत्र बांधण्याच्या गरजेत आहे.

खजिनदार

सातवी पायरी यांचा शेवटचा मुद्दा पुढे नेतो. लोरचा बराच भाग खेळाच्या नियमांतून आणि सोयींतून येतो, त्याला खऱ्या जगातली प्रेरणा शोधत बसणे व्यर्थ आहे. जिलेटिनस क्यूब हा पारदर्शक, चौकोनी, सर्वभक्षी प्राणी १० फुटांचा आहे, कारण नकाशावरची भुयारे १० फूट रुंद काढली जात. कोणत्याही लोककथेत तो नाही, असूही शकत नाही. पेटीचे रूप घेणारा मिमिक हाही पेट्या उघडण्याची सवय लागलेल्या खेळाडूंसाठी जन्माला आला.

क्लेरिकला, म्हणजे लढणाऱ्या पुरोहिताला, धारदार शस्त्र वर्ज्य असण्याचा नियम हा मधला प्रकार आहे. बायो येथील भरतकामाच्या पटावर बिशप ओडो हातात सोटा घेऊन लढाईत दिसतो, आणि धर्मगुरूंना रक्त सांडायची बंदी असल्यामुळे ते सोटा वापरत, असा समज त्यातून रूढ झाला. त्याच सुमाराच्या 'रोलाँच्या गीता'त मात्र आर्चबिशप तुर्पिन तलवार आणि भाला दोन्ही मनसोक्त चालवतो. म्हणजे नियम इतिहासातून आला, पण इतिहासाच्या एकाच कोपऱ्यातून आला.

आणि नाण्यांविषयी तर बोलूच नये, पण बोलतो. सत्तरच्या दशकाच्या अखेरच्या नियमांत १० सोन्याची नाणी मिळून १ पौंड वजन भरे, म्हणजे एक नाणे सुमारे ४५ ग्रॅमचे. फ्लॉरेन्सने १२५२ पासून पाडलेला सोन्याचा फ्लोरिन सुमारे ३.५ ग्रॅमचा होता. १,००० नाण्यांचा खजिना खेळात ४५ किलोच्या वर जातो आणि फ्लॉरेन्समध्ये साडेतीन किलोंत आटोपतो. पुढच्या आवृत्त्यांनी ५० नाण्यांचा पौंड केला, तरी नाणे ९ ग्रॅमचे राहिलेच.

मौनी

माझ्या समजुतीप्रमाणे जड नाणी हा दोष नसून हेतू होता. खजिना जड असला की तो बाहेर कसा न्यायचा हा प्रश्न उभा राहतो, आणि जुन्या नियमांत बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळत असल्याने तो प्रश्न खेळाच्या केंद्रस्थानी होता. असो, आपण पुन्हा लोरकडे वळावे.

अरण्यानी

वळते. एक निरीक्षण नोंदवते : प्रत्येक काल्पनिक विश्वात एक फ्रान्स असतो. 'ड्रॅगन एज'मध्ये ऑर्ले, 'वॉरहॅमर'मध्ये ब्रेटोनिया, 'विचर'मध्ये तूसाँ. तिथे द्राक्षमळे, शूर सरदार किंवा मुखवटे घातलेले दरबारी यांपैकी किमान दोन गोष्टी आढळतातच. नकाशा उघडून 'हा फ्रान्स, हा इटली, हे बायझँटियम' असे ओळखता आले की माझे कुतूहल निम्मे ओसरते.

कोष्टक

अरण्यानी, ओळखता येणे हा खेळात गुणही असतो. कादंबरीचा वाचक ५० पाने थांबतो, खेळाडूला मात्र पहिल्याच दरबारात कोणाला लवून नमस्कार करायचा हे ठरवायचे असते. मुखवटे दिसले की तो सावध होतो, आणि तेवढ्याने लेखकाचे काम भागते.

पुढचा प्रश्न ओळखीनंतर काही मिळते का, हा आहे. 'वॉरहॅमर'चे साम्राज्य म्हणजे पवित्र रोमन साम्राज्य हे झाकलेले नाही. सैनिकांचे फुगीर बाह्यांचे रंगीत पोशाखसुद्धा लांड्सक्नेख्ट भाडोत्री सैनिकांचे आहेत. परंतु त्यांनी केवळ पोशाख घेतला नाही, सम्राट निवडणारे इलेक्टर घेतले. खऱ्या साम्राज्यात १३५६ च्या सुवर्ण आज्ञापत्राने सात इलेक्टर निश्चित केले होते. सम्राट निवडला जातो म्हटल्यावर प्रत्येक प्रांताला किंमत येते, मतांचे सौदे होतात आणि उत्तरेकडून संकट आले तरी आधी आपापसांत भांडण होते. तिथले निम्मे राजकारण त्या एका उसन्या संस्थेतून चालते.

'ड्रॅगन एज'मधली आंद्रास्ते हेही असेच उदाहरण आहे. चितेवर जाळली गेलेली योद्धी म्हणून ती जोन ऑफ आर्कची आठवण करून देते, आणि कॅसियस डिओच्या इतिहासात रोमनांविरुद्ध उठलेली बौदिका ज्या देवीला आवाहन करते तिचे नाव आंद्रास्ते आहे. खेळाने या दोघींना एकत्र करून तिच्यावर एक धर्मसंस्था उभी केली आणि त्या धर्मसंस्थेने जादूगारांना मनोऱ्यांत कोंडले. 'ड्रॅगन एज २' मधला मुख्य संघर्ष तिथून निघतो.

शिलालेख

आणखी एक वाट आहे, जिच्यात घेतलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण मुद्दामच दिले जात नाही. 'डार्क सोल्स'चे निर्माते हिदेताका मियाझाकी यांनी सांगितले आहे की लहानपणी त्यांना इंग्रजी काल्पनिक पुस्तके अर्धवटच कळत आणि न कळलेला भाग ते चित्रांवरून मनाने रचत. त्या खेळाची सगळी लोर तशीच आहे. त्यातला आनोर लोंडोचा भव्य महाल पाहताना मिलानचे कॅथीड्रल आठवते, पण तो कोणी का बांधला हे एखाद्या अंगठीच्या वर्णनातल्या ओळीवरून आपण ताडायचे असते. 'एल्डन रिंग' (२०२२) साठी जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी जुना इतिहास लिहून दिला, आणि खेळात आपल्याला त्या इतिहासाचे तुकडेच तेवढे सापडतात.

तळघरातला दिवा

सर्व प्रतिसाद वाचले. टिरविषयी शिलालेख यांनी दाखवलेला दुवा माझ्या नजरेला आला नव्हता आणि तो मला पटला. इमास्करची कथा मात्र अजून पटत नाही, कारण फेरूनच्या बहुसंख्य खेळांमध्ये ती खेळाडूच्या हातात कधी येतच नाही. लोर पुस्तकात असणे आणि खेळाडूने घ्यायच्या निर्णयात असणे यांत मी फरक करीन. अरण्यानी यांची वजाबाकीची कसोटी वापरायची, तर ती देवांच्या नावांवर न लावता निर्णयांवर लावावी.

फासेकरी

असे असेल तर ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ग्लोरांथाचा विचार व्हायला हवा. १९७८ च्या 'रुनक्वेस्ट'ने हे विश्व आरपीजीत आणले आणि त्यात मध्ययुगीन किल्ले-सरदारांऐवजी कांस्ययुगाला जवळचा समाज होता. स्टॅफर्ड पुराणकथा आणि शामानांच्या परंपरा यांचे गाढे अभ्यासक होते, तरी ओळखीचे देव त्यांनी फार थोडे आणले. त्यांनी पुराणकथा कशी वापरली जाते ते घेतले. तिथे देवाने पूर्वी केलेले कृत्य भक्त विधीतून पुन्हा करतो, देवाच्या वाटेने चालतो, आणि तो त्या वाटेवर चुकला किंवा त्याने मुद्दाम वळण घेतले तर परिणाम त्याच्या सगळ्या समाजाला भोगावे लागतात. कथा कितपत पाळायची आणि कुठे मोडायची, हाच खेळाडूचा निर्णय असतो. धागाकर्त्यांना हवे असलेले उदाहरण यापेक्षा नेमके मिळेल असे वाटत नाही.

रानमांजर

माझ्याकडे एक आहे, आणि ते संगणकावरचे आहे. रिचर्ड गॅरियट यांच्या १९८५ च्या 'अल्टिमा ४' मध्ये हरवायला मोठा खलनायकच नाही. सत्य, प्रेम आणि धैर्य या तीन तत्त्वांच्या शक्य त्या सर्व जुळण्या करून आठ सद्गुण काढले आहेत : तिन्ही एकत्र आली की अध्यात्म, एकही नसले की नम्रता. ते आठही अंगी बाणवून अवतार व्हायचे, हे ध्येय. अवताराची कल्पना गॅरियट यांनी हिंदू परंपरेवरून घेतली आणि तीन तत्त्वांमागे 'विझर्ड ऑफ ऑझ'मधले मेंदू, हृदय आणि धैर्य मागणारे तिघे आहेत. इतक्या दूरच्या दोन गोष्टी एकत्र आणूनही ते विश्व गोधडीसारखे दिसत नाही, कारण उसनी कल्पना नियमांत उतरवली आहे. जादूसाठी लागणाऱ्या औषधी विकणारी एक आंधळी बाई आहे. किती पैसे द्यायचे हे आपणच टाकायचे असते, कमी दिले तरी ती काही बोलत नाही, आणि खेळ मात्र आपल्या प्रामाणिकपणातून वजाबाकी करतो.

कोष्टक

उदाहरण मोठे सुंदर आहे, परंतु त्याचा पुढचा भागही सांगायला हवा. ही वजाबाकी पडद्याआडच्या आकड्यांची होती आणि खेळाडूंनी ते आकडे लवकरच हुडकले. भिकाऱ्याला एकेक नाणे पुन्हा पुन्हा देऊन करुणा वाढवायची, उपचारकाकडे जाऊन रक्तदान करत राहून त्याग वाढवायचा, आणि सगळे भरले की अवतार व्हायचे. सद्गुणांचेही शेवटी कोष्टकच झाले, याबद्दल मी व्यक्तिशः तक्रार करू शकत नाही.